नोझल काढायच्या आधी: बोटीच्या छोट्या डिझेल इंजिनाचा धूर आणि डिझेलच्या तक्रारी

नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, टेस्ट करायचे मी पैसे घेतो, त्यामुळे हे मीच सांगितलेलं बरं. बोट धूर सोडतेय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नोझलांपैकी कितीतरी मशीनवर लावल्यावर ठणठणीत निघतात. फवारा बारीक, प्रेशर बरोबर, टोकाला थेंबही धरत नाही. खरा दोष टाकीत असतो, नळीत असतो, नाहीतर बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) गुंडाळलेल्या पाणवेलीत. पण इंजिन बिघडलं की आपल्या डोक्यात आधी सगळ्यात महागडा भाग येतो, आणि पाना तिथेच लागतो.

आमचं दुकान नाशिकच्या सातपूरला. गिऱ्हाईक जास्त करून ट्रॅक्टरवाले, द्राक्षबागेचे फवारणीवाले, जनरेटरवाले. त्यातच गंगापूर धरणाच्या पाण्यावरच्या दोन-चार बोटी अधूनमधून येतात. या लेखातली इंजिनं म्हणजे एक ते तीन सिलिंडरची, दहा ते चाळीस हॉर्सपॉवरची, साध्या मेकॅनिकल पंपाची. कॉमन रेलचं (सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून कायम प्रचंड प्रेशरने डिझेल मिळतं असं) इंजिन असेल तर नळीचा नट ढिला करण्याचे खालचे प्रयोग अजिबात करू नका. तिथलं प्रेशर जिवावर बेतेल इतकं असतं.

साध्या इंजिनातही नोझल साधारण १५० ते २०० बारला उघडतं. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. चालू नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट धरलं तर डिझेल कातडी फोडून आत जातं. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, पण आत गेलेलं डिझेल बोट कुजवतं. असं झालं तर "काही नाही, थोडं लागलंय" म्हणत बसायचं नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. आणि तिथे "डिझेल आत गेलंय" हे शब्द स्पष्ट सांगायचे.

धूर बघायचा कसा

रंग सगळेच बघतात. रंगापेक्षा धूर कधी येतो ते जास्त सांगून जातं. सेल्फ मारल्यावर पहिला मिनिटभर? स्लोवर? की बोट पळवताना रेस वाढवली की? या तीन वेळा वहीत लिहा आणि मगच पाना हातात घ्या.

दुसरं, पांढऱ्या कागदाचा तुकडा काठीला बांधून एक्झॉस्टच्या तोंडापुढे पाच-सात सेकंद धरा. कोरडी काजळी आली तर डिझेल अर्धवट जळतंय. तेलकट, बोटाला चिकटणारे ठिपके आले तर ऑइल वर चढतंय. नुसता ओला होऊन सुकला तर पाणी. एक्झॉस्टच्या तोंडाखाली पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरत असेल तर न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय, हेही तिथल्या तिथे कळतं.

काळा धूर

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडली. हे वाक्य पाठ असलेले लोकसुद्धा पुढची पायरी चुकतात: हवा कमी पडली म्हटल्यावर ते डिझेल कमी करायला जातात. आधी हवा बघा.

पहिला प्रयोग फुकटचा. इंजिनावरची पेटी पूर्ण उघडा आणि त्याच रेसवर, तेवढीच माणसं घेऊन बोट पळवा. धूर कमी झाला तर इंजिन पेटीत गुदमरत होतं. एका बोटीत मी पेटी उघडली तर आत आवाज दाबायला म्हणून चारी बाजूंनी फोम चिकटवलेला, आणि हवा यायच्या एकुलत्या एक झरोक्यावर घडी घातलेली ताडपत्री. मालकाने त्याआधी दोनदा नोझल बदलले होते. ताडपत्री काढली, धूर गेला. फोमचं काय करायचं ते मी त्यांच्यावर सोडलं. मग एअर फिल्टर. काढून थोडा वेळ चालवून बघा, पण झाकण सैल, चिंध्या जवळ, असं काही नको. इंजिन ते ओढून घेतं.

दुसरी जागा पंखा. गोदावरीच्या पाणवेली नाशिककरांना सांगायला नकोत. वरून हिरवा गालिचा दिसतो, पण त्याच्या मुळांच्या जटा शाफ्टवर पीळ घालून बसतात. त्यात मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा तुकडा अडकला की दोरखंडच तयार होतो. ओळखायचं असं: न्यूट्रलमध्ये इंजिन पूर्ण आरपीएम घेतं, पण गिअर टाकून पळवलं की पुस्तकात लिहिलेल्या आरपीएमच्या दोन-तीनशे खालीच अडकतं आणि काळं ओकतं. याचा अर्थ इंजिनावर ओझं जास्त आहे. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग पाण्यात उतरून पंखा हाताने चाचपा.

पंखा स्वच्छ आहे, तरी तेच लक्षण? मग नाशिकची उंची आठवा. गंगापूर धरणाचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. टर्बो नसलेलं इंजिन दर स्ट्रोकला तेवढीच हवा ओढतं, पण तिच्यातला प्राणवायू तेवढ्याने कमी. पंपाला ते काय माहीत? तो आपला कोकणात देत होता तेवढंच डिझेल देतो. कोकण किनाऱ्यावरून सेकंडहँड आणलेल्या बोटीच्या मालकाने "तिकडे धूर नव्हता हो" म्हटलं तर तो बहुतेक खरंच बोलतोय. पंखा तिथल्या हवेच्या हिशोबाने घेतलेला असतो. उपाय पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, कमी करून घेणं. पंपावरच्या सील लावलेल्या स्क्रूला मात्र बोटीत बसून हात लावू नका. डिझेल कमी करायचंच असेल तर ते कॅलिब्रेशनच्या बेंचवर, मापाने.

तिसरी जागा बोटीचीच खास: एक्झॉस्टचा बाक, जिथे धुरात थंड करायचं पाणी मिसळतं. समुद्रात तो मीठ आणि गंजाने बुजतो. आपल्याकडे मिठाचा प्रश्न नाही, पण पर्यटकांना घेऊन दिवसभर स्लोवर फिरणाऱ्या बोटीत काजळी साचून तो आतून बुजतो. मी काढलेल्या एका बाकाचं भोक करंगळी जाईल एवढंच उरलं होतं. धुराला बाहेर पडता येत नाही, म्हणजे नवी हवा आत येत नाही. बाक काढायला अर्धा तास लागतो. गास्केट नवीन ठेवा, आत बघा, खरवडा. खरवडून धातू पातळ लागला तर बाक बदलाच, कारण त्याला भोक पडलं तर पाणी थेट इंजिनात.

एवढं सगळं होऊन काळा धूर राहिला तर नोझल, टायमिंग, पंप. तोवर नाही.

पांढरा धूर

यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच रंगाच्या आहेत, आणि इथेच गोंधळ होतो. वाफ हात-दोन हातांवर विरते, तिला वास नसतो. न पेटलेल्या डिझेलचा पांढरा धूर पाण्यावर रेंगाळतो आणि डोळ्यांना झोंबतो. वारा धूर ज्या बाजूला नेतो तिकडे उभं राहून एकदा हुंगा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे मिनिट-दोन मिनिटं पांढरा धूर आला तर इंजिन आजारी नाही, गारठलेलं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि तिच्यावर डिझेल पेटतं; सिलिंडरच गार असला तर हवेची उष्णता भिंती खाऊन टाकतात आणि डिझेल तसंच बाहेर जातं. ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे) असतील तर टेस्ट लॅम्पने एकेक तपासा. तीनपैकी एक मेला असेल तर इंजिन सुरू होतं, पण लंगडत.

इंजिन तापल्यावरही झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर एखादा सिलिंडर पेटत नाही. तो शोधायचा जुना मार्ग: स्लोवर चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट चिंधी गुंडाळून अर्धा फेरा ढिला करा. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला झाला की इंजिन लगेच अडखळतं. ज्याचा ढिला करूनही आवाजात काही फरक पडत नाही, तोच कामचुकार. तेवढ्याच सिलिंडरचं नोझल आणि कॉम्प्रेशन बघायचं. तिन्ही उघडायची गरज नाही.

वाफच असेल तर एक्झॉस्टमधून पाणी किती पडतंय ते बघा. नेहमीसारखं भसाभस पडत नसेल तर पाणी घ्यायच्या जाळीत पाणवेल अडकलीय, नाहीतर पाण्याच्या पंपात फिरणाऱ्या इंपेलरची पाती तुटलीत. बोट तिथेच थांबवा. घाटापर्यंत "जाऊ हळूहळू" म्हणाल तर हेड वाकेल. पाणी व्यवस्थित पडतंय, वाफही येतेय आणि कूलंट रोज उतरतंय, तर हेड गास्केट गेलंय.

निळा धूर

निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. लोक लगेच पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणतात. आधी डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढा. बोटीत इंजिन शाफ्टच्या उतारावर तिरकं बसवलेलं असतं, त्यामुळे डिपस्टिकची खूण त्या तिरकेपणाला धरूनच मानायची. घाटावर बोट ओढून वाकडी उभी असताना लेव्हल बघून ऑइल भरलं की हमखास जास्त भरलं जातं, आणि जास्तीचं ऑइल धूर होऊन जातं.

लेव्हल आपोआप वाढत असेल तर मात्र घाबरा. ऑइल बोटांत चोळून वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या पंपाचा) पडदा फाटून डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, शिवाय इंजिन स्वतःचं ऑइल ओढून बेफाम पळू शकतं. तेव्हा किल्ली फिरवून काही होत नाही, डिझेल बंद करूनही होत नाही. हवेचं तोंड जाड फळी दाबून बंद करायचं. हाताने नाही, चिंधीने नाही. ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर त्यात पाणी आहे, इंजिन सुरूच करू नका.

डिझेलची तक्रार: आधी कॅन लावा

इंजिन सुरू होऊन पाच मिनिटांत बंद पडतं, रेस वरखाली होते, ताकद मिळत नाही, सेल्फ मारून बॅटरी उतरते. (सुरूच होत नसेल तर आधी स्टॉपची केबल पूर्ण आत गेलीय का बघा. हसू नका, या कारणासाठी मी दोनदा धरणापर्यंत स्कूटर दामटलीय.)

अशा वेळी सगळी लाइन उघडू नका. तिचे दोन तुकडे करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन चांगल्या डिझेलने भरून फीड पंपापेक्षा उंच ठेवा, पक्का बांधा, एक्झॉस्टपासून लांब. टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून काढा, तिथे कॅनची नळी लावा. परतीची नळीही कॅनमध्ये सोडा. लाइनमधली एअर काढा (कशी ते खाली) आणि अर्धा तास लोडवर चालवा. इंजिन सुरळीत चाललं तर दोष टाकीच्या बाजूला: टाकी, कॉक, नळी, पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर. तसंच अडखळलं तर फीड पंपापासून पुढे. अर्ध्या तासात निम्मं इंजिन संशयातून सुटतं.

टाकीच्या बाजूचं एक कारण सांगतो, कारण ते शोधायला मला दोन चकरा पडल्या. पावसाळ्यात बंद ठेवलेली बोट, दसऱ्याला हार घालून सुरू केली. वीस मिनिटं छान चालायची, मग दम लागल्यासारखी व्हायची आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. पोराने फिल्टर बदलला, तरी तेच. दुसऱ्या चकरेला ती बंद पडल्याबरोबर मी टाकीचं झाकण फिरवलं, तर आत हवा ओढली गेल्याचा "फुस्स" आवाज आला. टाकीच्या श्वासनळीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. डिझेल जाईल तशी हवा आत यायला वाट नाही, म्हणून टाकीत ओढ तयार व्हायची आणि फीड पंप हरायचा. तारेने माती काढली, तोंडावर बारीक जाळी बसवली. खर्च शून्य. माझी मजुरी घ्यायला मलाच कसंतरी झालं, पण घेतली.

हवा घेणारी लाइन ही दुसरी नेहमीची भानगड. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, त्यामुळे तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. "कुठेच ओलं नाही, म्हणजे लीकेज नाही" हे म्हणणं इथे चालत नाही. पहिला फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे दिसले तर मागे कुठेतरी फट आहे. मग टाकीकडे सरकत एकेक जोड घट्ट करत जा. बहुतेक वेळा बँजो बोल्टचं (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचं) तांब्याचं वॉशर पुन्हा वापरलेलं असतं, किंवा फिल्टरचं रबर पिळलेलं. वॉशर प्रत्येक वेळी नवीन. शोध संपला की पारदर्शक नळी काढून टाका. आग लागली तर ती पहिली वितळते.

एअर काढणं

फिल्टर बदलला, टाकी कोरडी झाली, नळी काढली, की एअर काढावीच लागते. ही कामं याच क्रमाने करा:

१. टाकीत डिझेल भरपूर, कॉक उघडा, स्टॉप लिव्हर चालूच्या बाजूला. बोल्टखाली डबा धरा. गंगापूरचं पाणी नाशिकच्या नळाला येतं. बोटीच्या तळात सांडलेलं डिझेल पंपाने धरणात फेकणं म्हणजे आपल्याच हंड्यात ओतणं.

२. पहिल्या फिल्टरचा बोल्ट बंदच ठेवा, तो ओढीखाली असतो. फीड पंपाच्या पुढच्या, दुसऱ्या फिल्टरचा वरचा बोल्ट एक-दोन फेरे ढिला करा. फीड पंपाचा हाताचा दांडा मारा. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की दांडा मारता मारताच बोल्ट आवळा. दांडा ढिला लागला, हाताला जोर जाणवला नाही, तर इंजिनाचा कॅम वर थांबलाय. क्रँक एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा.

३. मग हेच इंजेक्शन पंपाच्या (नोझलांना प्रेशरने डिझेल देणाऱ्या पंपाच्या) एअरच्या बोल्टवर. क्रम उलटा केला तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

४. नोझलच्या बाजूचे नट अर्धा ते एक फेरा ढिले करा, रेस पूर्ण द्या, सेल्फ मारा. नटाखालून डिझेल ठिबकत उसळलं की आवळा.

५. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग मिनिटभर थांबा.

पाचव्या पायरीवर बोटीचा एक धोका आहे, तो ट्रॅक्टरवाल्या मेकॅनिकला माहीत नसतो. सेल्फने इंजिन फिरतं, पाण्याचा पंपही फिरतो, पण धुराचा जोर नसल्यामुळे एक्झॉस्टमधलं पाणी बाहेर फेकलं जात नाही. सायलेन्सर भरतो, आणि पाणी उलटं चढून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागणार असेल तर पाणी आत घेणारा कॉक बंद ठेवा, आणि इंजिन पेटल्याबरोबर, त्याच क्षणी, उघडा. विसरू नये म्हणून मी कॉकची चावी सेल्फच्या बटणावर लटकवतो.

पाणी आणि जेली

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी टाकीच्या तळाला. दोघांच्या सीमेवर बुरशी आणि जंतू वाढतात, आणि त्याची काळपट जेली फिल्टर बुजवते. पहिल्या फिल्टरच्या वाटीत ती दिसली तर फिल्टर बदलून काम होत नाही, टाकीच रिकामी करून धुवावी लागते. हे पाणी येतं कुठून? अर्धी रिकामी टाकी चार महिने पावसात ठेवली की आतल्या हवेतली ओल रात्रीच्या गारव्याने भिंतींवर जमते. म्हणून जूनमध्ये बोट बांधताना टाकी जवळपास भरून ठेवायची, अर्धी नाही. कॅनमधून डिझेल भरताना मलमलचं फडकं वापरू नका, त्याचे धागे कॉकच्या जाळीत सापडतात; बारीक स्टीलच्या जाळीचं नरसाळं घ्या. शंका असली तर पारदर्शक बाटलीत डिझेल काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला थर दिसला तर ते डिझेल टाकीत घालू नका.

आता नोझल

हे सगळं करूनही धूर राहिला तर या, नोझल घेऊन या. प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर बांधा, नळ्यांची आणि पंपाची उघडी तोंडं स्वच्छ प्लास्टिकने झाका. टोक तारेच्या ब्रशने घासून आणू नका. त्या भोकांचीच तर परीक्षा असते. आणि नोझल उपसल्यावर हेडच्या खोबणीत टॉर्च मारून बघा. जुनं तांब्याचं वॉशर बहुतेक तिथेच चिकटून राहतं. ते दिसलं नाही म्हणून कोणी वर दुसरं टाकतं, नोझल वॉशरच्या जाडीएवढं उंच बसतं, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि टेस्ट करून चकाचक दिलेलं नोझल दुसऱ्याच दिवशी काळा धूर काढतं.